गोळी घेऊन झोपायचं कुठे?

वॉर्डात गोळ्या वाटताना आम्ही प्रत्येकीला तोंड उघडायला लावायचो. आ कर. जीभ वर. आता गाल दाखव. थोरली (इथे तिला थोरलीच म्हणते) गोळी हिरडीमागे अशी दडवायची की तपासणीत सापडायची नाही आणि नंतर मोरीत सापडायची. तिच्या केसपेपरवर मी किती वेळा ‘औषधोपचारास असहकार्य’ असं लिहिलं असेल, हिशेब नाही. तिला कारण मात्र कधी विचारलं नाही. आजारात माणूस गोळी नाकारतो, एवढं आम्हाला ठाऊक होतं आणि तेवढ्यावर भागत होतं.

कारण कळलं ते निवृत्तीनंतर, माझ्याच जुन्या घराच्या ओटीवर. दोघी बिरडं सोलत बसलो होतो. मी सहज जुना विषय काढला, तर ती म्हणाली, “ती गोळी घेतली की झोप लागायची, सिस्टर. फलाटावर झोप लागून चालतं होय? कल्याणला एकदा गाढ झोपले होते. पुढचं विचारू नका.”

मी विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हटलं, “अगं, पण वॉर्डात तर दाराला कुलूप असायचं. तिथे कसली भीती?”

“ते तुम्हाला माहीत. मला काय माहीत, उद्या बाहेर काढाल म्हणून?”

पस्तीस वर्षांच्या नोकरीत जे कळलं नव्हतं ते मला त्या वाक्यात कळलं. तिला छप्पर होतं, खाट होती, दोन वेळचं जेवण होतं. हे उद्याही असेल याची खात्री तेवढी नव्हती. आणि खात्री नसली की डोळा लागत नाही, डोळा लागू द्यायचाही नसतो.

माझी ओळख थोडक्यात. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. बदल्यांमुळे त्यांतल्या दोन ठिकाणी मी नोकरी केली. 1984 मध्ये अधिपरिचारिका म्हणून लागले, 2019 मध्ये परिसेविका म्हणून निवृत्त झाले. लागले तेव्हा 1912 चा कायदा चालू होता आणि त्याच्या नावातच ‘ल्युनसी’ होतं. कुठल्या दोन ठिकाणी ते सांगत नाही. जे लिहिते आहे ते चारही ठिकाणच्या कुठल्याही सिस्टरला ओळखीचं वाटेल.

बदलापूर गावात, नदीच्या अंगाला, सासऱ्यांनी बांधलेलं दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचं कौलारू घर आहे. आम्ही स्टेशनजवळ फ्लॅटमध्ये राहायला गेलो आणि ते रिकामं पडलं. साडेतीन वर्षांपूर्वी एका संस्थेची मुलगी आली. चार बायकांसाठी घर हवंय म्हणाली. आधी रस्त्यावर होत्या, मग बरीच वर्षं मनोरुग्णालयात, आता औषधावर ठीक आहेत, पण न्यायला कोणी नाही. भाडं संस्था देणार, संस्थेची एक बाई रोज येऊन जाणार, महिन्याची औषधं सरकारी दवाखान्यातून. दोन घरमालकांनी तिला चहा पाजून वाटेला लावलं होतं. मी होकार दिला तो काही समाजसेवा म्हणून नाही. घर बंद राहिलं की वाळवी लागते. शिवाय चौघींतली थोरली माझ्या वॉर्डातली होती, तिला कसं नाही म्हणायचं.

चौघींची नावं लिहीत नाही. त्यांना विचारलं होतं. दोघी म्हणाल्या लिहा, दोघी म्हणाल्या नको.

कराराच्या वेळी एजंट म्हणाला, “मॅडम, संस्थेच्या नावाने करा. वेड्यांची सही चालत नाही.” मी म्हटलं, चालते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो माणूस ‘विकल मनाचा’ ठरत नाही. ते ठरवायला न्यायालय लागतं. शेवटी संस्थेबरोबर चौघींचीही नावं करारात आली. मग पोलीस पडताळणी. तिघींच्या आधार कार्डांवर मनोरुग्णालयाचा पत्ता, कारण कार्डं तिथल्याच शिबिरात काढलेली. हवालदाराने कार्ड उलटंपालटं केलं. “कायमचा पत्ता हाच?” मी म्हटलं, सतरा वर्षं तिथेच होत्या, म्हणजे तसा कायमचाच. त्याने लिहून घेतला. चांगला माणूस होता, पण लिहिताना दोनदा थांबला.

या बायका रस्त्यावर आल्या कशा, हे लोक मला नेहमी विचारतात. आजारामुळे घर सुटलं की घर सुटल्यामुळे आजार झाला? दोन्ही. धाकटीचं डोकं आधी बिघडलं आणि मग सासरच्यांनी तिला गाडीत बसवून दिलं. टेलरिंग येणारी जी आहे तिचं उलट. नवरा गेला, दिरांनी घर बळकावलं, ती मुंबईला आली आणि फुटपाथवरच्या दुसऱ्या पावसाळ्यानंतर तिला आवाज ऐकू यायला लागले. आधीचं असं काही तिच्या आठवणीत नाही. चौथी बंगालीच बोलते. तिची हकिगत आम्हाला अजून अर्धीच समजली आहे.

इथे एक गैरसमज दूर करते. रस्त्यावर राहणारा प्रत्येक जण मनोरुग्ण नसतो. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 17 लाख 73 हजार बेघर मोजले गेले, महाराष्ट्रात 2 लाख 10 हजारांवर, आणि जे मोजायला सापडले नाहीत ते वेगळेच. त्यातले बहुतेक कामाला जाणारे आहेत: नाक्यावर उभे राहणारे, लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासणारे, कचरा वेचणारे, हातगाडी ओढणारे. पण रस्ता धडधाकट माणसाच्या डोक्याचंही काय करतो, ते केसपेपरांत दिसायचं. रात्री एकाला दुकानाची पायरी धुतात, तीनला कचऱ्याची गाडी येते, पाचला झाडूवाला काठीने उठवतो. सलग तीन तास झोप नाही, असं वर्षानुवर्षं. झोप तुटली की उन्माद उसळतो हे नर्सिंगच्या पुस्तकात असतं, पण ही झोप कशामुळे तुटते ते पुस्तकात नसतं.

आणि संशय. ‘कोणीतरी आपल्या मागावर आहे, रात्री कोणी येईल असे रुग्णास वाटते.’ हे वाक्य मी शेकड्याने लिहिलं. आज वाटतं, अर्ध्याजणींच्या बाबतीत ते लक्षण होतं की माहिती? फलाटावर एकटी झोपणाऱ्या बाईच्या मागावर कोणीतरी असतंच. थोरली तर मुद्दाम घाणेरडी राहायची. केसांच्या जटा, अंगाला वास. पुरुष जवळ येत नाहीत. पोलिसांनी तिला आमच्याकडे आणलं आणि आम्ही पहिल्याच दिवशी काय केलं, तर अंघोळ घातली आणि केस कापले. स्वच्छता म्हणून. तिने तेव्हा जो आकांत केला तो मी आजाराच्या खात्यावर मांडला.

औषधांचंही तसंच. लिथियम घेणाऱ्याने पाणी भरपूर प्यायला हवं, ठरावीक दिवसांनी रक्त तपासायला हवं. उन्हात पाण्यावाचून फिरणाऱ्याच्या अंगात तेच औषध विषासारखं चढू शकतं. क्लोझापिनला तर सुरुवातीचे महिने दर आठवड्याला रक्ततपासणी. ज्याच्याकडे पावसात कोरडी राहील अशी वीतभर जागा नाही त्याच्या हातात महिन्याभराच्या गोळ्यांची पुडी द्यायची आणि पुढच्या तारखेला या सांगायचं! तरी आम्ही सांगायचो. तारीख चुकली की पुन्हा ‘असहकार्य’.

मग आपली व्यवस्था करते काय? कायद्याप्रमाणे भटकणारी आजारी व्यक्ती दिसली तर पोलिसांनी तिला चोवीस तासांत सरकारी रुग्णालयात पोहोचवायचं, कोठडीत ठेवायचं नाही, घरच्यांचा शोध घ्यायचा. इथवर ठीक. घरचे सापडले आणि राजी असले तर उत्तमच. आमच्या पुढच्याच कर्जतला डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांच्या श्रद्धा संस्थेने रस्त्यावरच्या हजारो रुग्णांना बरं करून देशभर त्यांच्या त्यांच्या गावी पोहोचवलं. त्याबद्दल 2018 मध्ये डॉक्टरांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या कामापुढे मी हात जोडते. प्रश्न उरतो तो ज्यांचं घर सापडत नाही त्यांचा, किंवा सापडतं आणि आतून कडी लागते त्यांचा. मी स्वतः दोन बायकांना एसटीने त्यांच्या गावी सोडायला गेले आहे आणि त्याच एसटीने परत घेऊन आले आहे. एकीच्या भावाने तर आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. “मुलीचं लग्न ठरतंय,” एवढंच म्हणाला. त्याच्याही बाजूने काहीतरी असेल.

अशी बाई मग वॉर्डात राहते. पाच वर्षं, दहा, वीस. तिला आजारासाठी आता रुग्णालयाची गरज नसते, फक्त जायला जागा नसते. याच कायद्याचं एकोणिसावं कलम सांगतं की कुटुंब नाही, कुटुंब घेत नाही, घर नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणासाठी कुणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही. सोय सरकारने करायची आहे. कायदा 2018 च्या मे महिन्यात लागू झाला. त्यानंतर वर्षभर मी नोकरीत होते. ती ‘सोय’ बघण्याचा योग माझ्या नोकरीत आला नाही.

निवारा केंद्रं आहेत ना, असं कुणी म्हणेल. शहरात एक लाख वस्तीमागे चोवीस तास उघडं राहणारं एक निवारा केंद्र हवं, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर आला. 2011 च्या वस्तीवर मुंबईला त्या हिशेबाने सव्वाशेच्या आसपास हवीत. तिथे त्याच्या जवळपासही कधी पोहोचलेली नाहीत. आणि आहेत ती हवीतच, थंडी-पावसात जीव वाचवतात. पण हॉलमधल्या सतरंजीवर पिशवी उशाला घेऊन झोपणाऱ्याची रात्र थोरलीच्या वॉर्डातल्या रात्रीपेक्षा फार वेगळी नसते. उद्या इथे असू की नाही, हा प्रश्न उशाखालीच असतो.

म्हणून मी म्हणते, साधं भाड्याचं घर. ही काही माझी कल्पना नाही. चेन्नईत 1993 पासून काम करणाऱ्या ‘द बॅनियन’ संस्थेने 2015 च्या सुमाराला वर्षानुवर्षं संस्थेत अडकलेल्या बायकांना चार-पाच जणींच्या गटाने नेहमीच्या वस्तीतल्या घरांत ठेवायला सुरुवात केली. परदेशात त्याआधीपासून आहे. न्यूयॉर्कमध्ये 1992 ला सॅम त्सेंबेरिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने उलटी रीत काढली: आधी दारू सोड, आधी औषध घे, मग घर देतो, असं नाही, घर आधी. कॅनडाने 2009 ते 2013 या काळात पाच शहरांत सुमारे दोन हजार लोकांवर हे तपासून पाहिलं. घर मिळालेले लोक घरात टिकले, नेहमीच्याच सेवांवर ठेवलेल्या दुसऱ्या गटापेक्षा कितीतरी जास्त. आजाराची लक्षणं मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखीच कमी झाली.

हे शेवटचं वाक्य घराची बाजू घेणारे लोक हळू आवाजात सांगतात. मी मोठ्याने सांगते, कारण मी ते रोज बघते. घराने आवाज थांबत नाहीत. टेलरिंगवालीला अजून ऐकू येतात. फरक असा की आता ती मशीनवर बसून त्यांना ‘थांब, एवढी शिलाई होऊ दे’ म्हणते.

दोन वर्षांपूर्वी तिने गोळ्या बंद केल्या. आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. मध्यरात्री दोनला ती अंगणात उभी राहून शेजाऱ्यांच्या नावाने ओरडत होती. ती पुन्हा भरती झाली, एकोणीस दिवस. पूर्वी असं झालं की सगळं जायचं: खाट, पेटी, ओळखी, बरं होऊन बाहेर यायचं ते शून्यावर. या वेळी भाडं चालूच होतं. तिची खाट तिथेच, मशीनवर चादर टाकलेली. विसाव्या दिवशी रिक्षातून उतरली आणि पहिलं भांडण झालं ते केसांच्या तेलावरून. तिची बाटली तिघींनी मिळून संपवली होती. मी ओटीवर बसून ते भांडण ऐकलं. वॉर्डात बायका अशा भांडत नसत. तिथे भांडायला कुणाचं काही नव्हतंच. साडीसुद्धा धोब्याकडून येईल ती.

शेजारचं सांगायचं राहिलं. सुरुवातीला कुरकुर झालीच. “सिस्टरने वेड्या बायका आणून ठेवल्यात.” एका काकांना मुख्य काळजी गॅसच्या सिलिंडरची होती, आणि खरं सांगायचं तर मलाही होती. पहिले दोन महिने संस्थेची बाई रोज संध्याकाळी शेगडी तपासायची. आता काकांच्या सुनेचे ब्लाऊज टेलरिंगवालीकडे असतात. ओरडण्याच्या त्या रात्रीनंतर आठवडाभर अंतर पडलं होतं, मग गणपतीत ते भरून निघालं. सगळे सुधारले असंही नाही. समोरच्या घरातली मुलं अजून ओटीवर येत नाहीत. धाकटी एकदा बाजारातून वाट चुकून थेट स्टेशनावर गेली आणि बाकड्यावर बसून राहिली. एका रिक्षावाल्याने आणून सोडली. “नदीकडच्या घरातली ना ही?” पैसे घेतले त्याने, ते घ्यायलाच हवेत.

आता मुद्द्याचं. आपल्या राज्याच्या हिशेबात खाटेला पैसे आहेत, औषधाला आहेत, नव्या इमारतीला तर असतातच. महिन्याच्या घरभाड्याला आणि रोज येऊन बघणाऱ्या एका बाईच्या पगाराला लेखाशीर्ष असल्याचं मला तरी माहीत नाही. ते हवं. संस्था देणग्यांवर चार-दोन घरं चालवू शकते, त्याला सोय म्हणत नाहीत. दुसरं म्हणजे, निराधारांच्या अनुदानासाठी राज्यात पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. आमच्या बंगालीला एका कचेरीत विचारलं, पुरावा काय? तिची सतरा वर्षं सरकारच्याच वॉर्डात गेली, सरकारच्याच रजिस्टरात रोज सकाळ-संध्याकाळ तिची मोजणी झाली. ती वर्षं धरायची की नाही यावर तीन टेबलं फिरून आलो. एक परिपत्रक काढलं तर हा घोळ मिटेल. तिसरी गोष्ट मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांना सांगते: ‘असहकार्य’ लिहिण्याआधी एकदा विचारा, का गं?

थोरली पहिले काही महिने चपला कागदात गुंडाळून उशाखाली घ्यायची. ही फलाटाची सवय; चपला पहिल्या चोरीला जातात. कुणी काही बोललं नाही. मीही नाही, आणि गप्प राहणं मला सोपं गेलं नाही, सिस्टरपणा अंगात भिनलेला असतो. इथल्या पहिल्या पावसाळ्यानंतर कधीतरी चपला दाराबाहेर दिसायला लागल्या. नक्की कुठल्या दिवशी ते माझ्या लक्षात आलं नाही. गोळी ती आता रात्री नऊला स्वतः घेते आणि साडेनऊला झोपते. कधीकधी सकाळी सातपर्यंत उठत नाही, मग पाणी भरण्यावरून बाकीच्या तिघी करवादतात.

बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळा, विरार, गुंतवणूक म्हणून घेतलेले किती फ्लॅट कुलूप लावून पडलेत ते ज्यांनी घेतलेत त्यांना माहीत आहे. त्यांना एका घरमालकिणीचं सांगणं: तुमच्याकडे अशी एखादी संस्था आली तर चहा पाजून वाटेला लावू नका. प्रश्न विचारा, गॅसचं विचारा, रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा ते लिहून घ्या, करारात राहणाऱ्यांची नावं घाला. माझं भाडं नऊ हजार आहे. महिन्याच्या पाच तारखेला येतं. साडेतीन वर्षांत एकदाही चुकलेलं नाही.